घडीताईंचा कादंबरीचा पेपर

हॉस्पिटलात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. एरवी मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना घडीताई म्हणत. तळमजल्यावर लाँड्रीला लागून चादरींची खोली होती. भिंतभर लोखंडी फळ्या, फळ्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, लहान मुलांच्या वॉर्डातली फुलाफुलांची पांघरुणं. या खोलीचा सगळा कारभार ताईंकडे होता. चादर हातात आली की एक झटका, भराभर घड्या आणि वरून तळहाताची इस्त्री. बोलता बोलता, चहा पिता पिता, कुणाला फैलावर घेता घेतासुद्धा त्यांचे हात चालूच असत. नवरा गेल्यावर पहिले काही महिने आई घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या मोडायची आणि पुन्हा घालायची, असं त्यांचा मुलगा सांगायचा.

अशा बाईने केस पिकल्यावर साहित्याची परीक्षा द्यायला बसावं, याला कारण झालं ऑफिसचं एक फर्मान. यापुढे प्रत्येक विभागाच्या प्रमुखाकडे पदवी हवी, असं एके दिवशी जाहीर झालं. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी धावतपळत संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. पहिलं वर्ष सरायच्या आत ऑफिसने फर्मान मागे घेतलं. ‘सुटलात! आता सोडून द्या ते,’ असं सगळे म्हणाले. पण तोवर ताईंना वर्गाची चटक लागली होती. नक्की कशाची चटक, ते त्यांना कुणालाच पटवून सांगता येईना. कळत तर निम्मं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला एक कादंबरी नेमलेली होती. ती शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, ताईंच्या मुलाच्या वयाच्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘कादंबरीची चिकित्सा’. ताईंचा सगळा जन्म हॉस्पिटलात गेलेला. त्यांनी हात वर केला.

“मॅडम, चिकित्सा करायची म्हणजे तिला झालंय काय?”

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या, पण उत्तर त्यांनी नीट दिलं. “काही झालेलं नाही. तुम्हाला काय वाटलं ते नुसतं लिहायचं नाही. तसं का वाटलं, ते पुस्तकातल्या आधाराने दाखवायचं. मुद्दा मांडा, आधार द्या, आणि हा आधार त्या मुद्द्याचा कसा, ते सांगा.”

ताईंनी मान डोलावली. घरी जाऊन सुनेला म्हणाल्या, “आपल्याला काहीतरी वाटतं, एवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही बघ आता. पुरावा मागतात.”

सून दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर बोटांना लागलेलं गुलाबी मेण नखांतून काढत ती सासूच्या अभ्यासाच्या गोष्टी ऐकायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोघींत कधी वाकडा शब्द नव्हता. शेजारी कौतुक करायचे आणि ताईंना त्या कौतुकाचा मनातून अभिमान होता. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला या दोघींच्या मध्ये बोलायला फारशी जागाच उरत नसे.

कादंबरी होती एका बंदरावरच्या लॉजची. लॉज चालवणारी एक म्हातारी, तिचा एकुलता एक मुलगा, आणि त्याने लग्न करून आणलेली बायको. ताईंना म्हातारी फार आवडली. पाहुण्यांच्या फाटक्या चादरी ती स्वतः रफू करायची, हे वाचल्यावर तर ताईंनी तिला आपलीच मानली. सुनेला ती सगळ्यांत उजेडाची खोली देते, तिची पेटी स्वतः रिकामी करून कपाट लावून देते, तिच्या हाताला कामाचा चटका लागू देत नाही. “अशी सासू मिळायला भाग्य लागतं,” असं ताई म्हणत, आणि सून नखातलं मेण काढत “हं” म्हणे.

पुस्तक अर्धं झालं आणि ताईंच्या डोळ्यांनी दगा दिला. बरेच दिवस अक्षरं धुकट दिसत होती, ती आता एकमेकांत मिसळू लागली. मोतीबिंदू पिकला होता. आपल्याच हॉस्पिटलात, आपणच घडी घातलेल्या चादरीवर झोपून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि नवा नंबर येईपर्यंत वाचन बंद म्हणून सांगितलं. वर्ग बुडाले, आणि परीक्षा तर तोंडावर आलेली.

“मी वाचून दाखवते ना,” सून म्हणाली.

मग रोज संध्याकाळी लॅबमधून आली की ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाचायची. काळा चष्मा लावून ताई समोर लसूण सोलत बसायच्या. सून छान वाचायची. म्हातारीचं बोलणं आलं की आवाज जरा जाड करायची. ताई मध्येच थांबवून मुद्दे काढायच्या. “थांब, हा आधार चांगला आहे. म्हातारी मायाळू आहे, या मुद्द्याला.” सून थांबायची, मग पुढे वाचायची.

शेवटच्या दिवशी मात्र वाचन जरा अडखळतच चाललं होतं. “सकाळी ती खाली आली,” सून वाचत होती. “दाराची कडी काढली. बाहेर धक्क्यावर अजून कुणी नव्हतं…” इथे ती थांबली. उठून पाणी प्यायली. परत येऊन बसली, पानांची सळसळ झाली, आणि मग ती पुष्कळ वेळ पुस्तकाकडे बघत राहिली असावी, कारण वाचन काही ऐकू येईना.

“अगं, वाच ना.”

“हो. ती दारात उभी राहून समुद्राकडे बघत राहिली. वारा पडला होता. मग ती आत आली आणि तिने चहाला पाणी ठेवलं.”

“मग?”

“संपलं.”

“असं कसं संपलं? काही झालंच नाही की!”

“हल्लीच्या कादंबऱ्या अशाच संपतात, आई.”

ताईंना ते पटलं. मॅडमही काहीसं असंच म्हणायच्या, की सगळ्याच गोष्टींना शेवटी गाठ मारलेली नसते. दुसऱ्याच दिवशी सुनेने पुस्तक लायब्ररीत परत करून टाकलं. ताईंना नवा चष्मा आला तेव्हा परीक्षेला जेमतेम आठवडा होता आणि नाटक, कविता, भाषेचा इतिहास असं सगळंच डोक्यावर होतं. कादंबरी तर झाली आहे, म्हणून त्यांनी ती बाजूलाच ठेवली.

परीक्षा एका शाळेत होती. बाक लहान मुलांचे. ताईंचे गुडघे खाली मावेनात, म्हणून त्या तिरक्या बसल्या. कविता बरी गेली, नाटकही रेटलं. मग त्यांनी पान उलटून कादंबरीचा प्रश्न काढला. सगळ्यांत जास्त गुण त्यालाच होते.

‘“येताना सुया घेऊन ये गं!” कादंबरीच्या या अखेरच्या वाक्याच्या संदर्भात, सुनेचे घर सोडून जाणे अपरिहार्य होते का, याची साधार चिकित्सा करा.’

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. वाक्य तेच होतं.

सुया? कुठल्या सुया? त्यांच्या डोळ्यांसमोर आधी इंजेक्शनच्या सुया आल्या. मग वाटलं, प्रश्न भलत्याच पुस्तकावरचा पडलाय. पण नाही, लॉजची म्हातारी रफू करायची, तिला सुया लागणारच. म्हणजे पुस्तक हेच. पण सून घर सोडून कुठे जाते? तिने तर चहाला पाणी ठेवलंय.

त्यांनी हात वर केला. देखरेखीला असलेले सर आले, हातात पुरवण्या बांधायच्या दोऱ्या घेऊन.

“सर, या प्रश्नात चूक आहे.”

“कसली चूक?”

“यात सून घर सोडून जाते असं लिहिलंय.”

“बरं मग?”

“नाही ना जात ती!”

सरांनी प्रश्नपत्रिका हातात घेऊन वाचली. परत ठेवली. “आजी, मी भूगोल शिकवतो. कुणी जावं, कुणी राहावं, हे माझ्याकडे नाही. आणि हॉलमध्ये दुसऱ्या कुणाची तक्रार नाही बघा.”

ताईंनी मान वळवून पाहिलं. खरंच कुणाची तक्रार नव्हती. वर्गातली सगळी मुलंमुली माना खाली घालून भराभरा लिहीत होती. एवढ्या सगळ्यांच्या पुस्तकातली सून गेली होती. एकट्या ताईंच्याच पुस्तकातली घरी होती.

प्रश्नाखाली ‘अथवा’ होतं. ताईंनी आशेने तिकडे पाहिलं. ‘कादंबरीतील समुद्राच्या प्रतिमेचे कार्य स्पष्ट करा.’ समुद्राला काय कार्य असणार? तो असतो. त्यांनी लिहिलं, ‘समुद्र या कादंबरीत सर्वत्र आढळतो.’ पुढे काय लिहावं ते सुचेना. त्यांनी वाक्यावर काट मारली आणि पुन्हा सुनेकडे आल्या.

ठीक आहे. गेली म्हणतायत ना, मग गेली. ताईंनी बाही सरसावली. म्हातारीची बाजू घ्यायची, हे त्यांचं ठरलेलंच होतं. त्यांनी लिहायला घेतलं: ‘सुनेचे घर सोडून जाणे मुळीच अपरिहार्य नव्हते. कारण सासूने तिला कशाचीही उणीव भासू दिली नाही.’ हा झाला मुद्दा. आता आधार. ‘उदाहरणार्थ, सून आल्याच दिवशी सासू तिची पेटी उघडते आणि सर्व वस्तू स्वतः कपाटात लावून देते.’ आता या आधाराचं मुद्द्याशी नातं. ‘यावरून असे दिसते की…’

इथे पेन थांबलं. यावरून असं काय दिसतं? माया दिसते. पण ताईंना त्या प्रसंगातलं पुढचं वाक्यही आठवलं. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं होतं. सुनेला तिचा कंगवा सापडत नाही आणि ती विचारायला लाजते. वाचताना ते वाक्य गमतीचं वाटलं होतं. आता मात्र ते गमतीचं वाटेना. स्वतःचा कंगवा कुठे आहे ते दुसऱ्याला विचारायचं म्हणजे काय?

बरं, दुसरा आधार घेऊ. ‘सासू सुनेला कोणतेही जड काम करू देत नाही.’ हे तर चांगलंच आहे. पण मग ती दिवसभर करते काय? खिडकीशी उभी राहते. ताईंनी लिहिलं, ‘तिला पुष्कळ मोकळा वेळ मिळतो,’ आणि लिहून झाल्यावर ते वाक्य म्हातारीच्या बाजूचं की सुनेच्या, तेच त्यांना ठरवता येईना.

असं प्रत्येक आधाराचं होऊ लागलं. सासूच्या बाजूने म्हणून उचलावा, आणि कागदावर उतरेपर्यंत तो सुनेच्या बाजूला जाऊन उभा. ताईंच्या कानशिलावर घाम आला. उत्तराच्या सुरुवातीला ‘मुळीच अपरिहार्य नव्हते’ असं छातीठोक लिहिलेलं, आणि खाली सगळे पुरावे विरुद्ध. त्यांनी वर जाऊन ‘मुळीच’ खोडलं. मग ‘नव्हते’च्या जागी ‘नसावे’ केलं. तरी भागेना.

मग पेन आपोआप चालायला लागलं. ‘सुनेने घातलेल्या घडीबद्दल सासू तिच्या देखत काही बोलत नाही, परंतु ती कामावर गेली की मोडते व पुन्हा आपल्या पद्धतीने घालते. सून परत आल्यावर कपाटाकडे पाहते व काहीच बोलत नाही.’

वा, हा आधार पक्का झाला! ताई पुढचं वाक्य लिहायला गेल्या आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे कितव्या प्रकरणात आहे? लॉजमधली सून कामावर कुठे जाते? ती तर घरातच असते. मग कामाला जाणारी ही कोण?

त्यांनी डोळे मिटून पुस्तक आठवायचा प्रयत्न केला. लॉजच्या चादरी आठवल्या, मग हॉस्पिटलच्या आठवल्या, मग घरातलं निळं कपाट आठवलं. सगळं एकमेकांत मिसळून गेलं, ऑपरेशनच्या आधी अक्षरं मिसळायची तसं. वाचून दाखवलं त्या भागात हे होतं का? की सुनेच्या आवाजात ऐकल्यामुळे पुस्तकातली सूनही तिच्यासारखीच बोलायला-वागायला लागली? खोडावं तर तेवढाच काय तो पक्का आधार. ठेवावं तर खोटा. ताईंनी त्या ओळीवर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी तशीच ठेवली.

आणि मग, मॅडमनी शिकवलेलं ‘नातं’ शोधता शोधता, त्यांना तो शेवटचा दिवस आठवला. सून पाणी प्यायला उठली होती. परत येऊन बसली तेव्हा पानांचा आवाज आला होता. दोन-चार पानं एकदम उलटली की येतो तसा. तेव्हा त्यांना वाटलं होतं, ती मागचं काही बघतेय.

सुनेने शेवट वाचलाच नाही. चहाचं पाणी तिने स्वतःच्या मनाने ठेवलं.

पण का? एवढं कळलं आणि पुढचं काही कळेना. कंटाळली असेल? घाई असेल? कंटाळलेली बाई नवा शेवट कशाला रचेल? पेपर संपत आल्याची घंटा झाली. ताईंनी घाईघाईने शेवटचं वाक्य लिहिलं: ‘सारांश, सासूने काही वाईट केले नाही आणि सुनेनेही काही वाईट केले नाही, तरीही सून जाते, हे कसे, ते प्रस्तुत लेखिकेस समजलेले नाही.’ ‘प्रस्तुत लेखिका’ हा शब्द त्यांना मॅडमनी शिकवला होता. तो एकदा तरी वापरायचा, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

घरी आल्या तेव्हा दुपार होती. सुनेची सुट्टी होती. तिने दार उघडलं, पाणी दिलं. ताईंनी ग्लास हातात धरला, प्यायल्या नाहीत.

“सुया कसल्या गं?” त्यांनी विचारलं.

सुनेचा चेहरा पडला. एवढा पडला, की ताईंना आपणच काहीतरी वाईट बोललो असं वाटलं.

“त्याच्यावर प्रश्न आला?” ती म्हणाली. “अहो आई, अख्खं पुस्तक सोडून नेमका त्याच ओळीवर येईल हे मला काय माहीत!”

“म्हणजे तू वाचलंच नाहीस.”

“नाही.” ती खुर्चीच्या कडेला बसली. “ती सकाळी बोटीत बसून निघून जाते. कुणाला न सांगता. म्हातारी वरच्या खिडकीतून बघते. तिला वाटतं, ही बाजारात चाललीय. म्हणून ती ओरडून सांगते, येताना सुया घेऊन ये गं. आणि पुस्तक संपतं.”

“तिला ऐकू जातं का?”

“कुणाला?”

“सुनेला. बोटीत.”

“ते लिहिलेलं नाही.”

ताईंनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, “मग एवढं वाचायला काय झालं होतं? मी काय रडले असते? लसूण सोलत होते मी.”

सून नखांतलं मेण काढू लागली. आज सुट्टी, नखांत मेण नव्हतं, तरी ती काढत राहिली. “ते माझ्या तोंडातून निघेना,” ती म्हणाली. “आम्हालाही जायचंय, आई. यांना दुसऱ्या गावी काम मिळालंय. घर बघून झालंय. तुमचा पेपर झाला की सांगायचं असं ठरलं होतं. आणि मध्येच हे पुस्तक आलं.”

ताईंनी ग्लास खाली ठेवला. आता रागवायचं की नाही, हे त्यांना कळेना. रागवायचं तर कशावरून? हे दोघं जाणार म्हणून, सांगितलं नाही म्हणून, की शेवट बदलला म्हणून? तिन्ही गोष्टी एकदम समोर आल्या आणि त्यांतली एकही हाताला लागेना. शेवटी जे तोंडातून निघालं ते त्यांनाही अनपेक्षित होतं.

“म्हणजे माझे मार्क गेले.”

सून हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणतं आधी आलं ते सांगता येणार नाही.

“माझं काही चुकलं का?” ताईंनी विचारलं. “खरं सांग. मी कधी काही बोलले तुला?”

“कधीच नाही.”

“कमी केलं काही?”

“नाही हो. काहीच नाही. तुम्ही सगळं करता.”

“मग?”

“मग तेच. तुम्ही सगळं करता.” ती थांबली. “आई, मला तुमच्यासोबत राहायला आवडतं. आणि मला जायचंय.”

“यातलं एक काहीतरी सांग. दोन्ही कसं खरं असेल?”

“मला एक नाही सांगता येत.”

एवढ्यात मुलगा आला. हातात हेल्मेट, कपड्यांना ग्रीसचा वास. दोघींचे चेहरे न बघताच म्हणाला, “काय आई, कसा गेला पेपर?”

“कोण कसं गेलं ते तुझ्या बायकोला विचार,” ताई म्हणाल्या आणि आत जाऊन पडून राहिल्या. थोड्या वेळाने मुलगा येऊन पायाशी बसला. “आम्ही सांगणारच होतो गं,” असं दोनदा म्हणाला. ताई म्हणाल्या, “माहीत आहे.” माहीत नव्हतं. पण तो अगदी लहानपणच्यासारखा बसला होता, त्याला दुसरं काय सांगणार?

पुढच्या महिन्यात ते गेले. भांडण नाही, रडारड नाही. टेम्पोत सामान भरताना ताईंनीच दोऱ्या घट्ट करून घेतल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, “एवढी गोडी होती, मग हे काय अचानक?” ताईंनी कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि खरं तेच सांगितलं, “मलाही नीट कळलेलं नाही.” शेजारच्या बाईंना वाटलं, ताई काहीतरी लपवतायत.

ताईंनी लायब्ररीतून ती कादंबरी पुन्हा आणली आणि नव्या चष्म्याने पहिल्यापासून वाचली. घडी मोडण्याचा प्रसंग त्यात कुठेच नव्हता. त्यांनी पान न् पान पाहिलं. शेवटही वाचला. सुनेने सांगितला तसाच होता. वाचून त्यांना म्हातारीची दया आली, मग राग आला. एवढ्या सकाळी, बाजार उघडलेला नसताना, पेटी घेऊन कुणी सुया आणायला जातं का? खिडकीतून पेटी दिसली नसेल? की दिसली होती, आणि म्हणूनच ओरडली? हे त्यांना आधी सुचलंच नव्हतं. हा मुद्दा पेपरात लिहिला असता तर काय झालं असतं, असंही मनात येऊन गेलं.

निकाल लागला तेव्हा त्या पास होत्या. विषयात गुण बेताचेच. कादंबरीच्या प्रश्नाला किती मिळाले, ते कळायची सोय नव्हती. त्या मॅडमना भेटायला गेल्या आणि सगळा प्रकार सांगितला, खोट्या आधारासकट.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “घडीचा प्रसंग पुस्तकात नाही, हे खरं,” त्या म्हणाल्या. “तपासणाऱ्याच्या लक्षात आलं असेल तर गुण कापले असतील. नसेल आलं तर कदाचित त्याच वाक्याला दिले असतील.”

“मग मी पास झाले ते त्याच्यामुळे, की ते असूनसुद्धा?”

“ते नाही हो सांगता येणार.”

“तुम्हालासुद्धा?” ताई म्हणाल्या. त्यांना वाटत होतं की एवढं शिकल्यावर तरी माणसाला सांगता येत असेल.

मुलाच्या नव्या घरी त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा दिवस बरेच थंड होते. स्टँडवर उतरून विचारत विचारत वसाहतीत शिरल्या. सगळ्या इमारती सारख्या, सगळ्यांचे जिने सारखे. ताई मोजूनमापून जिना चढल्या आणि त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं ते गालांना साबण लावलेल्या एका अनोळखी गृहस्थाने.

“सून आहे का घरी?” ताईंनी विचारलं.

“माझं लग्न व्हायचंय अजून,” तो गृहस्थ म्हणाला. मग त्याने वस्तरा धरलेल्या हातानेच समोरची इमारत दाखवली.

सून दारातच वाट बघत उभी होती. घर लहान, पण उजेडाचं होतं. ताईंना खिडकीपाशी बसवलं. चहा आला. पिऊन झाल्यावर कप घेऊन त्या उठल्या आणि तिथेच थांबल्या. कप विसळून ठेवावा, तर इथे विसळलेले कप कुठे ठेवतात ते माहीत नाही. तसाच ठेवावा, तर आपण पाहुण्यांसारखे वागलो असं होईल. हात पुसायला कोणतं फडकं घ्यायचं, तेही कळेना. त्या कप हातात धरून उभ्या राहिल्या.

“द्या इकडे,” सून म्हणाली आणि तिने कप घेतला. तिने तो विसळून पालथा घातला, खिडकीतल्या कुंडीशेजारी. ती काही कप ठेवायची जागा नव्हे. ताईंच्या ते ओठांवर आलं होतं.

“जेवून जाशील ना, आई?” मुलाने आतून विचारलं.

ताई विचारात पडल्या. आजवर त्याने त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती. हो म्हणायचं की नको नको म्हणायचं, आणि मग त्याने आग्रह करायचा असतो की काय?

“बघू,” त्या म्हणाल्या.

सुनेने तिसरं ताट काढलं.